कार्मेलितासच्या मिरवणुकीला निघण्याआधी

सगळ्यात आधी तारीख बघा. ब्राझीलमधल्या रिओचा कार्निव्हल ईस्टरवर अवलंबून असतो. ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार हा त्याचा शेवटचा मोठा दिवस. २०२७ साली तो ९ फेब्रुवारीला येतो, म्हणजे त्याआधीचा शुक्रवार ५ फेब्रुवारी. सांता तेरेझा टेकडीवरचा 'कार्मेलितास' हा ब्लोको, म्हणजे गल्लीची वाजतगाजत निघणारी मंडळी, याच दोन दिवशी बाहेर पडतो. वेळ मात्र आदल्या दिवशी पुन्हा तपासा, कारण मिरवणुकीची वेळ आणि मार्ग पालिकेच्या परवानगीने ठरतात आणि बदलूही शकतात.

दोनच दिवस का, हे समजून घेणं हा तयारीचा खरा भाग आहे. १९९० पासून या वस्तीने एक गमतीची गोष्ट जपली आहे: टेकडीवरच्या कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या मठातली एक नन शुक्रवारी भिंतीवरून उडी मारून कार्निव्हलला पळते आणि मंगळवारी गुपचूप परत जाते. तिला कुणी ओळखू नये म्हणून गर्दीतले असंख्य लोक ननचं शिरोवस्त्र घालून नाचतात, दाढीवाले बाप्येसुद्धा. तुम्हीही घाला. ही गंमत बाहेर उभं राहून बघण्यापेक्षा तिच्यात सामील होण्यातच मजा आहे.

शिरोवस्त्र घरीच करा. कपाळावर पांढऱ्या सुती कापडाची रुंद पट्टी, मागे गाठ, आणि वरून काळं पातळ कापड. ते पट्टीला सेफ्टी पिनांनी दोन्ही कानांजवळ आणि मधोमध पक्कं करा. गोंद घामाने सुटतो. सिंथेटिक कापड नको, फेब्रुवारीत तिथे ऐन उन्हाळा असतो. बाकी अंगावर हलके कपडेच असू द्या. चकाकी लावायची असेल तर निसर्गात विरघळणारी घ्या.

पायांत बंद बूट हवेतच. टेकडीवरचे रस्ते दगडी, चढाचे, त्यात ट्रामचे रूळ, आणि सांडलेल्या बिअरने सगळं निसरडं झालेलं असतं. चप्पल पहिल्या वळणावर तुटेल. मेट्रोने ग्लोरियाला उतरून पायी चढा. पिवळ्या ट्रामवर विसंबू नका, कारण एवढ्या गर्दीतून ती जाणार कशी? पासपोर्ट खोलीवर ठेवा. फोन आणि थोड्या सुट्या नोटा कपड्यांच्या आत बांधायच्या पट्ट्यात ठेवा. बर्फाच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांकडून पाणी आणि थंडगार माते, म्हणजे तिथलं चहासारखं पेय, घेत राहा, बिअर त्यानंतर. रस्त्याच्या कडेला लघवी केली तर दंड होतो, म्हणून तात्पुरती शौचालयं कुठे आहेत ते आधीच हेरून ठेवा.

वादकांभोवती दोर धरलेला असतो, त्याच्या आत घुसायचं नाही. सुर्दो या मोठ्या ढोलाचा ठोका छातीत उतरतो आणि तांबोरिं या छोट्या डफाची चटचट त्याच्यावर नाचत राहते. ती लय दोराबाहेरूनही पुरेपूर मिळते. शब्द येत नसले तरी हरकत नाही, ध्रुवपद दोनतीनदा ऐकलं की तोंडात बसतं. गोव्याच्या इंत्रुजात, म्हणजे तिथल्या कार्निव्हलात, वाढलेल्यांना हा धुमाकूळ अनोळखी वाटणार नाही. दोन्हीकडे तो पोर्तुगिजांबरोबरच आला.

एक गोष्ट कधीही विसरू नका: कुणाला हात लावण्याआधी विचारा. 'नाउं ए नाउं', म्हणजे 'नाही म्हणजे नाही', ही मोहीम २०१७ साली रिओच्याच कार्निव्हलमधून उभी राहिली, आणि तिथल्या बायका हे ठणकावून सांगतात. मठाच्या भिंतीला लागून दंगा करू नका. आत संन्यस्त आयुष्य जगणाऱ्या खऱ्या नन आहेत. लोकांच्या घरांच्या पायऱ्यांवर बसलात तर उठताना आपला कचरा उचला, कारण ही मिरवणूक त्यांच्या दारातून निघते.

परतीचं विमान मंगळवारी रात्रीचं घेऊ नका. बुधवारी दुपारपर्यंत शहर तसंही नीट सुरू होत नाही.