गेमचा लाइव्ह स्ट्रीम अडकतोय? आधी रात्रीचा अपलोड मोजा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत दुपारी अपलोड, म्हणजे नेटवर पाठवायचा वेग, १५ एमबीपीएस दाखवतं, रात्री नऊला तेच ६ वर येतं. आणि स्ट्रीम तर रात्रीच करायचा असतो. म्हणून भावांनो, स्पीड टेस्ट स्ट्रीमच्याच वेळेला घ्या, तीन-चार वेळा, आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. त्याच्या साधारण ७० टक्के बिटरेट (स्ट्रीम सेकंदाला पाठवतो तो डेटा) ठेवा. ६ एमबीपीएसला, म्हणजे ६००० केबीपीएसला, ४२०० केबीपीएस.

एवढ्यात १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेम्सचा हट्ट धरू नका. गवतातून पळताना किंवा स्मोक फुटल्यावर चित्राचे चौकोन पडतात, समोरचा खेळाडू ओळखूच येत नाही. तोच बिटरेट ७२०पी ला पुरतो, चित्र स्वच्छ राहतं. मोबाइलवर बघणाऱ्याला फारसा फरकही जाणवत नाही.

ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये आउटपुटला जाऊन रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकसारखा) आणि कीफ्रेम इंटरव्हल (पूर्ण चित्र किती वेळानं पाठवायचं ते) २ सेकंद करा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर एन्कोडर (व्हिडिओ दाबून छोटा करणारा भाग) म्हणून कार्डातलाच एनव्हीएन्क निवडा, प्रोसेसर गेमसाठी मोकळा राहतो.

खरी गोष्ट पुढे आहे. स्ट्रीम चालू असताना ओबीएसमधली स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवाच. ड्रॉप्ड फ्रेम्स (वाटेत गळलेले) वाढले तर अडचण नेटची; बिटरेट ५०० केबीपीएसनं उतरवा. एन्कोडिंग लॅग (एन्कोडर मागे पडणं) वाढत असेल तर बिटरेट उतरवून काही होत नाही, एन्कोडरचा प्रीसेट (तयार सेटिंग) हलका करा किंवा फ्रेम्स ३० वर आणा. मी कितीतरी रात्री नेटवर चिडत बसलो आणि अडकत होता एन्कोडर.

आणि वायफाय सोडा. राउटरपासून लॅनची केबल ओढून घ्या.