"काय बंद केलंस?" : टाइप रेटिंगला जाण्याआधी कॉकपिटमधल्या घंटांविषयी

सिम्युलेटरच्या तिसऱ्या सत्रात मी इंजिनाची आग विझवण्याआधी घंटा विझवली. टेक-ऑफचा वेग गाठला होता, नाक उचललं, आणि टिंग-टिंग-टिंग सुरू झालं. समोर 'मास्टर वॉर्निंग'चं लाल बटण लुकलुकत होतं. बोट आपोआप गेलं, बटण दाबलं, कॉकपिट शांत. मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरनी सिम तिथल्या तिथे थांबवलं.

"काय बंद केलंस?"

"वॉर्निंग, सर."

"कसली?"

मला सांगता आलं नाही. मधल्या स्क्रीनवर लाल अक्षरांत 'इंजिन १ फायर' असं ढळढळीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. सध्या एअरबस ए३२० वर को-पायलट आहे. सुट्टीत घरी आले की बारावीतली मुलं भेटायला येतात, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: फी किती, मेडिकलमध्ये चष्मा चालतो का, डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर कठीण असतात का. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी, मेडिकल, ७० टक्क्यांना पास होणारे पेपर, २०० तासांचं उड्डाण, मग सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. हे तुम्हाला कुणीही सांगेल. त्यानंतर टाइप रेटिंगला, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाला, जाता आणि पहिल्यांदा मोठ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसता, तेव्हा ते तुमच्याशी किती बोलतं याची कल्पना मात्र कुणी देत नाही. मलाही दिली नव्हती.

आमच्या वाड्यावर सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, पों-पों ऐकू आला की मी डोळे पुरते उघडायच्या आत पिशवी घेऊन दारात असायचे. पाव घ्यायचा की नाही हा विचारच नसे. उशीर केला तर सायकल पुढच्या वळणावर. मासळीवालीची हाक आली की मात्र आई आधी विचारायची काय आणलंय, माशाचे कल्ले उघडून बघायची, भाव करायची आणि मगच ठरवायची. कॉकपिटमधले आवाजही या दोनच जातींचे. काहींना हातांनी लगेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांना बघून, वाचून, दोघांनी मिळून. माझी चूक ही की मी मासळीवालीच्या हाकेला पोदेर आल्यासारखी धावले.

आता यंत्रणा. ए३२० मध्ये ईकॅम नावाची व्यवस्था शेकडो सेन्सरवर नजर ठेवते. बोइंगच्या विमानांत तेच काम करणाऱ्या व्यवस्थेला ईकॅस म्हणतात (७३७ मध्ये ती नाही, तिथली पद्धत जुनी आहे). सगळं ठीक असेल तर वरच्या पॅनलवर एकही दिवा नसतो. अंधार म्हणजे खुशाली. बिघाड झाला की रंग बोलतो. लाल म्हणजे वॉर्निंग, सोबत न थांबणारी टिंग-टिंग. अंबर (पिवळसर-नारिंगी) म्हणजे कॉशन, एकच टिंग. त्याहून हलक्या गोष्टी स्क्रीनवर अंबर अक्षरांत नुसत्या येऊन बसतात, आवाजही करत नाहीत. बिघाडाच्या नावाखाली निळ्या अक्षरांत करायची कामं क्रमाने येतात आणि खालच्या स्क्रीनवर त्या यंत्रणेचं चित्र आपोआप उघडतं. हे सगळं इतकं सोयीचं आहे की नवखा माणूस विमान उडवायचं सोडून स्क्रीन वाचत बसतो.

म्हणून क्रम असा. विमान ज्याच्या हातात आहे तो विमानच उडवतो. दुसरा बिघाडाचं नाव मोठ्याने वाचतो आणि घंटा बंद करतो. नाव न उच्चारता बंद केलेली घंटा म्हणजे न वाचता फाडलेलं पत्र. टेक-ऑफनंतर ४०० फुटांपर्यंत घंटा बंद करणं आणि चाकं वर घेणं यापलीकडे कशाला हात लावायचा नाही, आग असली तरी. मग 'ईकॅम अ‍ॅक्शन्स', म्हणजे स्क्रीनवरची ती निळी कामं. इंजिनाचा लिव्हर, मास्टर स्विच, फायरचं बटण यांतल्या प्रत्येकाला हात लावण्याआधी "कन्फर्म?" विचारायचं आणि दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. चांगलं इंजिन चुकून बंद होऊ नये यासाठी ही सगळी सावकाशी.

काही वेळा विमान मुद्दाम गप्प राहतं. टेक-ऑफच्या धावेत ८० नॉटचा वेग ओलांडला की बहुतेक कॉशन दाबून ठेवले जातात आणि स्क्रीनवर जांभळट अक्षरांत 'टी. ओ. इनहिबिट' दिसतं. किरकोळ बिघाडासाठी त्या वेगाला ब्रेक मारणं हे बिघाडाहून घातक. मला ही गोष्ट फार आवडते: कधी बोलू नये हेही त्या यंत्राला शिकवलंय.

आता पोदेराची जात. 'स्टॉल, स्टॉल' (पंखांची उचल संपतेय), 'विंडशिअर' (वारा अचानक बदलतोय), 'टेरेन, टेरेन, पुल अप' (जमीन जवळ आलीय) आणि दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्रणेची आज्ञा. इथे वाचन नाही, चर्चा नाही. कृती पाठ असते, म्हणूनच त्यांना मेमरी आयटम म्हणतात. दोन एकदम आले तर कोणाने आधी बोलायचं हेही ठरलेलं आहे. स्टॉल, विंडशिअर आणि जमिनीचा इशारा चालू असताना टीकॅस आपल्या आज्ञा आवरतं.

टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी (रेडिओने उत्तर देणाऱ्या यंत्राशी) बोलून अंतर आणि उंची काढतं. आधी नुसतं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. मग गरज पडली तर 'क्लाइम्ब' किंवा 'डिसेंड', आणि त्यानंतर ५ सेकंदांत वैमानिकाने विमान सांगितल्याप्रमाणे वर किंवा खाली न्यायला सुरुवात केलेली हवी. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं आदळून ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं. पण यंत्र असून भागत नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनजवळ रशियन विमानाला टीकॅस 'चढा' सांगत होतं आणि कंट्रोलर 'उतरा'. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान आपल्या टीकॅसचं ऐकून उतरतच होतं. ७१ जण गेले. आज मुलाखतीत हा प्रश्न आला तर उत्तराला एक सेकंदही लावू नका: टीकॅसचं ऐकायचं, कंट्रोलरला नंतर सांगायचं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त छळणारी घटना हेलिऑस एअरवेजच्या विमानाची. १४ ऑगस्ट २००५, लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं बोइंग ७३७. केबिनमधल्या हवेच्या दाबाचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. विमान चढत गेलं, दाब घटत गेला, भोंगा वाजला. पण त्या विमानात तोच भोंगा जमिनीवर टेक-ऑफची मांडणी चुकली असेल तरीही वाजायचा. वैमानिकांनी तो अर्थ धरला. हवेत तो अर्थ शक्यच नव्हता, पण विरळ हवेत डोकं चालेनासं होतं आणि ते आपलं आपल्याला कळत नाही. १२१ जण गेले. पुढे ७३७ मध्ये दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे आले. पोदेर आणि मासळीवाली एकच भोंगा वाजवायला लागली तर आमच्या आईचंही काय झालं असतं, देव जाणे.

सगळे आवाज संकटाचे नसतात. उतरताना रेडिओ अल्टिमीटर उंची मोजून सांगतो: 'फिफ्टी, फोर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड'. नवख्यांनी आकड्यांपेक्षा त्यांच्यातला ताल ऐकावा. आकडे भराभर आले तर तुम्ही जोरात खाली येताय. आणि आपल्या गोव्यात एक गंमत आहे. दाबोळी असो की मोपा, दोन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे उंच सपाट पठारावर. हे यंत्र सरळ खालची जमीन मोजतं, त्यामुळे सड्याची कड ओलांडली की आकडा झपकन उतरतो. पहिल्यांदा मोपाला येताना माझा जीव उगाच वर आला होता. ज्या सड्यावर लहानपणी आम्ही काजू वेचायला जायचो, तोच खालून उठून आल्यासारखा वाटला.

तयारी कशी करावी? कागदी कॉकपिट. पॅनलचं मोठं छापील चित्र भिंतीवर, समोर खुर्ची. मित्राने मोबाइलवर आवाज लावायचा आणि तुम्ही आधी नाव उच्चारायचं, मग बोट हलवायचं. मला मित्र मिळेना, म्हणून आईच 'टिंग-टिंग' म्हणायची. तांदूळ निवडता निवडता, कुठल्याही क्षणी. एकदा ती टिंग म्हणून गप्प बसली. मी विचारलं, पुढचं? म्हणाली, "एकच होती. अंबर." तोवर मी लाल बटणाला हात लावलेला होता.

चौथ्या सत्रात तीच आग आली. मी "इंजिन १ फायर" म्हटलं, मग बटण दाबलं, आणि ४०० फुटांपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पुढचा बिघाड टाकला.