सव्वाशेच्या टप्प्याने कसे मोजावे

दोन, पाच किंवा दहाच्या टप्प्याने मोजणे मुलांना लवकर जमते. टप्पा १२५ चा असला की मात्र पुष्कळ मुले प्रत्येक वेळी उभी मांडणी करून, हातचे घेत बेरीज करू लागतात आणि पाचव्या-सहाव्या संख्येपाशी एखादा हातचा निसटतो. अशा वेळी पाटी-पेन्सिल थोडा वेळ बाजूला ठेवावी आणि संख्या मोठ्याने म्हणायला लावाव्यात. त्याही ‘एकशे पंचवीस, दोनशे पन्नास’ अशा नव्हे, तर बाजारात आणि घरात आपण ज्या नावांनी म्हणतो त्या नावांनी: सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे, सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार.

हे दोन-तीनदा म्हटले की चाल कानाला लागते. आधी सव्वा, मग अर्धा, मग पाऊण आणि चौथ्या टप्प्यावर पूर्ण शेकडा, असा हा फेरा आहे. अडीच म्हणजे साडेदोनच, हे मुलांना एकदा सांगून ठेवावे. ज्यांच्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा आणि सव्वा यांचे पाढे, पाठ केले असतील, त्यांच्या लगेच ध्यानात येईल की ही सवायकीच आहे, फक्त प्रत्येक उत्तरापुढे ‘शे’ लागला आहे. एकाचे सव्वा, दोनाचे अडीच, तिनाचे पावणेचार, चाराचे पाच. हे जुने पाढे मागे पडले याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण अपूर्णांक आणि मोठ्या संख्या यांची गाठ त्यांत आपोआप पडत असे.

ज्या मुलाला नावांवरून उमगत नाही, त्याच्यासमोर तराजू ठेवावा. चहापुडीच्या १२५ ग्रॅमच्या आठ पुड्या बांधून एकेक पुडी पारड्यात टाकत जावे: दोन पुड्यांना पाव किलो, चारांना अर्धा, सहांना पाऊण आणि आठवी पुडी पडली की किलोच्या वजनाशी काटा बरोबर जुळतो. आठ पुड्यांचा एक किलो, म्हणून आठ टप्प्यांचा एक हजार.

आता लिहायला घ्यावे. एका ओळीत आठच संख्या लिहाव्यात आणि पुढची ओळ तिच्या बरोबर खाली सुरू करावी. पहिल्या ओळीत १२५, २५०, ३७५, ५००, ६२५, ७५०, ८७५, १००० येतील. दुसरीत ११२५, १२५०, १३७५ अशा चढत २००० पर्यंतच्या. प्रत्येक उभ्या रांगेत शेवटचे तीन अंक तेच राहतात आणि खाली उतरताना केवळ हजार एकेकाने वाढतो. त्यामुळे सत्तेचाळिसावी संख्या हवी असेल तर सत्तेचाळीस वेळा बेरीज करावी लागत नाही. सत्तेचाळिसांत आठ पाच वेळा जातात आणि सात उरतात, म्हणजे पाच हजार आणि सातव्या जागेचे ८७५, मिळून ५८७५. उलट बाजूने, ४३७५ ही संख्या या मोजणीत येते का, असे विचारले तर शेवटचे ३७५ पाहावेत. ते तिसऱ्या जागेचे आहेत, तेव्हा ही संख्या पस्तिसावी. ४३२५ मात्र कधीच येणार नाही, कारण ३२५ त्या आठांत नाही.

पडताळ्यासाठी आणखी एक क्रम उपयोगी पडतो. प्रत्येक संख्येतील अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जावी. १२५ चे ८, २५० चे ७, ३७५ चे पंधरा आणि पंधराचे ६, ५०० चे ५. असे एकेक उतरत हजाराला १ येतो, ११२५ ला ९ आणि पुन्हा ८. याचे कारण असे की १२६ हा नवाच्या पाढ्यातला आहे, चौदा नव्वे. १२६ मिळवत गेलो असतो तर ही बेरीज बदललीच नसती, परंतु आपण दर वेळी त्याहून एक कमी मिळवतो. समजा, एखाद्या मुलाने २८७५ नंतर घाईत ४००० लिहिले. शेवटचे तीन अंक पाहून ही चूक सापडत नाही, कारण ते बरोबरच आहेत. पण २८७५ चा अंक ४ आहे, पुढे ३ यायला हवा आणि ४००० चा अंक पुन्हा ४ येतो, म्हणून चूक लगेच उघडी पडते. दोन्ही खुणा एकत्र वापराव्यात, असे माझे सांगणे आहे.

हे पक्के झाल्यावर मुलांना १७५ चा टप्पा द्यावा आणि आधी काहीच न सांगता म्हणू द्यावे: पावणेदोनशे, साडेतीनशे, सव्वापाचशे, सातशे. इथे आधी पाऊण येतो, मग अर्धा, मग सव्वा; फेरा उलटा फिरतो. तो का उलटला, हे त्यांनाच शोधू द्यावे. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी, एवढे एखाद्याच्या तोंडून निघाले की पुढचे सगळे वर्गच सांगतो.