ठमीची पाठ

दरवर्षी गणपतीला आम्ही गावी जातो तेव्हा ठमीला शेजारचा बारावीतला मुलगा सांभाळतो. त्याच्यासाठी चिठ्ठी लिहायला बसलो आणि वहीची चार पानं भरली. तीच इथे जरा नीट करून देतोय.

ठमी म्हणजे आमचं कासव. जात रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यांमागे लाल पट्टा असतो ती. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली. अकरा वर्षांपूर्वी मुलीने आणली तेव्हा दोन रुपयांच्या नाण्याहून जराशी मोठी होती. विकणारा म्हणाला, "एवढीच राहते." आज पाठ नऊ इंच भरते. मुलगी नोकरीला बेंगळुरूला, ठमी माझ्याकडे. ही जात वीस-तीस वर्षं सहज जगते, तेव्हा आणण्याआधी घरात पुढे कोण राहणार आहे तेवढं बघा.

पहिल्या वर्षी मी तिची पाठ जवळजवळ घालवली होती. काचेची पेटी पूर्वेच्या खिडकीत ठेवलेली. खिडकी बंद, पण सकाळी दोन तास ऊन तिच्या अंगावर. मला वाटायचं झालं काम. आईने त्यात भर घातली. पाठ कोरडी दिसते म्हणून ती रोज खोबरेल चोळायची. एक दिवस पाणी बदलताना अंगठा कवचाच्या कडेवर पडला आणि कड दबली, पिकलेल्या पेरूसारखी. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि आधी मला झापलं.

कारण साधं होतं. कॅल्शियम हाडात बसायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते तयार व्हायला उन्हातले अतिनील-बी किरण. खिडकीची काच नेमके तेच अडवते. आणि कासवाचं कवच म्हणजे त्याचा कणा आणि बरगड्याच. हाडं पसरून, जुळून त्याची ढाल झालेली, वर आपल्या नखासारखे केराटिनचे पत्रे. बोट फिरवलंत तर तिला कळतं. खोबरेलाने तिथे काही पोसलं जात नाही. उलट तेलाखाली घाण धरते, कवच धड वाळत नाही, आणि पाण्यावर तवंग येतो तो वेगळाच.

आता ठमी तळमजल्याच्या अंगणात असते. ५०० लिटरची प्लॅस्टिकची टाकी आडवी कापून अर्धी घेतली. पाठीच्या दर इंचाला ४० लिटर पाणी असा ढोबळ हिशेब धरतात. त्या मानाने माझी टाकी लहानच पडते, म्हणून मी पाणी जास्त वेळा बदलतो. पाणीपुरवठ्यात तीस वर्षं फिटर होतो, तेव्हा तळाला बॉल व्हॉल्व्ह बसवणं माझ्या हातचा मळ. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो हे विसरू नये. नळाचं पाणी उघड्या पिंपात एक दिवस ठेवून मग भरतो, क्लोरीन उडून जातं. फिल्टर लावा, पण माशांच्या पेटीला चालतो त्याच्या दुप्पट ताकदीचा. कासव माशापेक्षा फार घाण करतं. जुनं पाणी जास्वंदीला घालतो, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच ओतत नाही.

बसायची जागा ही सगळ्यात महत्त्वाची. नुसत्या पाण्यात तरंगणाऱ्या कासवाची पाठ सडते. तिला पूर्ण बाहेर येऊन पोटासकट कोरडं होता आलं पाहिजे. मी फरशीचा तुकडा उलटा, खरबरीत बाजू वर करून, उतरता बसवलाय. त्याच्या कडा पॉलिश पेपरने मारून घेतल्या, नाहीतर चढता-उतरता पोटाची ढाल घासते. फरशीवर ऊन, टाकीच्या अर्ध्या भागावर सावली. ही सावली विसरलात तर मे महिन्यात पाणी तापून कासव मरेल. वर जाळी हवीच, कावळे आणि मांजरं टपलेली असतात. पाणी २४ ते २७ अंश, बसायची जागा ३० ते ३५. घरात ठेवायचं असेल तर अतिनील-बी दिवा घ्या, मध्ये काच नको, आणि दिवा पेटत असला तरी वर्षाच्या आत बदला. उजेड राहतो, किरण संपतात.

खाण्याचं फार अवघड नाही. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. कासवाच्या खाद्याचे तयार दाणे एका वेळी तिच्या डोक्याएवढा ढीग होईल इतकेच, बाकी पाला. ठमीला जास्वंदीची पानं-फुलं आवडतात (तिच्याच पाण्यावर वाढलेली!), किसलेला लाल भोपळाही चालतो. पालक क्वचित, त्यातल्या द्रव्याने कॅल्शियम अडकून पडतं. पोळी, भात, दूध नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन (कटलफिशचं पांढरं हाड) आणा. त्याची कडक बाजू काढून टाका आणि मऊ भाग पाण्यात सोडा, ठमी मनात येईल तेव्हा कुरतडते.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते कात टाकताना. पाठीवरचे पत्रे एकेक करून सुटतात. हातात घेतला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आरपार उजेड दिसतो, आणि त्यावर नक्षी जशीच्या तशी. ओढून काढू नका, आपोआप पडतो. शेवाळ असेल तर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी, बस्स.

घाबरायचं ते वेगळं. पांढरट मऊ डाग, दाबल्यावर ओल, आणि वास. तो वास एकदा आला की विसरत नाही. ही कवचाची सड. कासवाला कोरड्या टबात काढा, पोव्हिडोन-आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने लावा, वाळू द्या. दिवसातून तास-दोन तास पाण्यात सोडा, खायला-प्यायला. आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या; कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर यात मुरलेले नसतात. पोटाकडची ढाल लालसर झाली तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

मादी नराशिवायही अंडी घालते. खाणं सोडून ती टाकीभर खरडू लागली की ओल्या वाळूचं घमेलं द्या. तरीही अंडी आली नाहीत आणि ती सुस्तावली, तर डॉक्टर.

नकोशी झाली म्हणून देवळाच्या तळ्यात सोडू नका. आपल्याकडच्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा ही जात बळकावते. आणि तळ्यातलं देशी कासव घरी आणायचं डोक्यात असेल तर तेही नको; १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

चिठ्ठीत शेजारच्या मुलासाठी शेवटची ओळ लाल पेनाने लिहिली आहे: टाकीत हात घातला की साबणाने धुवायचा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असतो, मोदक त्यानंतर.