नारळी पौर्णिमेनंतर गरवायला निघण्यापूर्वी तंगुसाची तपासणी

नारळी पौर्णिमा झाली की कोकणातल्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, आणि जेट्टींवर गरवणारे, म्हणजे गरीने मासे पकडणारे, पुन्हा दिसू लागतात आणि जूनमध्ये माळ्यावर टाकलेले रॉड-रीळ खाली उतरते. गंजलेली गरी डोळ्यांना लगेच दिसते, संपलेले शिसे पिशवीत हात घालताच कळते. तंगूस, म्हणजे गरी बांधायचा नायलॉनचा धागा, मात्र वरून धडधाकट दिसतो आणि आतून संपलेला असू शकतो. पूर्वीच्या सुती दोऱ्या कुजत, म्हणून त्या वापरल्यावर निगुतीने वाळवाव्या लागत. 1935 साली ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले नायलॉन तसे कुजत नाही, आणि यातूनच ते कधी खराबच होत नाही असा समज रुजला असावा. म्हणून निघण्याच्या पहाटे घाईने नव्हे, तर चार-सहा दिवस आधी दिवसाच्या उजेडात रीळ हातात घ्यावे.

आरंभी दहा-पंधरा मीटर तंगूस अंगणात सोडावा आणि रिळावरचा उघडा थर व त्याखालचा थर यांचा रंग ताडून पाहावा. वरचा थर फिकट, दुधट किंवा खडबडीत झाला असेल, तर उन्हातील अतिनील किरणांनी त्याचे नुकसान केले आहे असे समजावे; खिडकीपाशी किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवलेल्या रिळाची ही गत लवकर होते. सोडलेला तंगूस स्प्रिंगसारखा वेटोळेच धरून राहिला, तर तो अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने ताणावा, आणि तरीही वेटोळी गेली नाहीत तर त्याच्यावर आणखी मेहनत घेऊ नये, कारण असा तंगूस फेकीत अडकतो आणि गुंताही करतो.

यानंतरची तपासणी बोटांची आहे आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून तंगूस सावकाश ओढत न्यावा. जिथे खरखर, चपटेपणा किंवा बारीकशी खाच लागेल तिथे थांबून कापसाचा बोळा फिरवावा, म्हणजे नजरेला न दिसणाऱ्या ओरखड्यात कापसाचे तंतू अडकतात. कालवांनी भरलेल्या खडकात तांबोशी किंवा गोबरा गरवणाऱ्याच्या तंगुसाची झीज बहुधा शेवटच्या काही मीटरांतच होते, कारण मासा लागताच कपारीत शिरतो आणि कालवांच्या धारेवर तंगूस घासला जातो. तेवढाच भाग खराब असेल तर तेवढाच कापून नवी गाठ मारावी. खाचा पुढेही पसरल्या असतील किंवा मध्येच एखादी आपोआप पडलेली गाठ घट्ट बसली असेल, तर त्या जागेपर्यंतचा सगळा तंगूस काढावा. अशी गाठ नखाने सोडवून पुन्हा वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु तिथला धागा आधीच दबून कमजोर झालेला असतो.

नंतर ताणून पाहावे. सामान तोलण्याचा स्प्रिंगचा लटकता काटा घेऊन, नेहमीची गाठ थुंकीने ओली करून आवळावी आणि अर्धा तास भिजवलेला तंगूस हळूहळू ओढावा; नायलॉन पाणी शोषते व ओले असताना कोरड्यापेक्षा काहीसे कमी वजन पेलते, म्हणून ही परीक्षा ओल्या तंगुसाचीच घ्यावी. पाकिटावर 10 किलो लिहिलेला तंगूस गाठीसह 7 किलोच्या आसपास तुटला तर तो चालेल, 5 किलोवरच तुटला तर तो गेला असे मी धरतो. तंगूस उघड्या हाताला गुंडाळून ओढू नये, तो कातडी कापतो.

ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेल्या, दोरीचे निकष वेगळे आहेत. ती पॉलिथिलीनच्या तंतूंची असल्याने पाणी शोषत नाही. रंग उडाला म्हणून ती टाकू नये, पण विणीतून तंतू सुटून लव आली असेल किंवा दोरी चपटी पडली असेल तर तेवढा भाग काढावा. उरलेली दोरी उलटी गुंडाळली की आजवर खाली दबलेला टोकाचा न वापरलेला भाग वर येतो आणि एक हंगाम सहज निघतो.

नवा तंगूसही एकाच जागी वारंवार तुटत असेल, तर दोष रॉडच्या कड्यांत किंवा रिळाच्या रोलरमध्ये शोधावा. प्रत्येक कड्यातून कापूस फिरवल्यास तडा लगेच कळतो.

नवा तंगूस भरताना तो ओल्या फडक्याच्या चिमटीतून ताणून गुंडाळावा, रिळाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी आणि भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून रिळाला लावावी. काढलेला तंगूस खडपावर किंवा वाळूत टाकू नये. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि असल्या वेटोळ्यांत त्यांचे व पक्ष्यांचे पाय अडकतात. त्याचे बोटाएवढे तुकडे करून ते झाकणाच्या बाटलीत भरावेत, आणि तशीच एक रिकामी बाटली व धारदार कात्री गरवण्याच्या पिशवीतही ठेवावी.