बंदिस्त वॉर्डातल्या मुलांना शिकवताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतून मनोरुग्णालयांच्या बंदिस्त वॉर्डांत शिकवायला दरवर्षी नवी मंडळी येतात. बी.एड.ची मुलं, निवृत्त शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते. मनापासून येतात, पण पहिल्याच आठवड्यात 'किती पोर्शन झाला' मोजायला लागतात. मग चुका ठरलेल्याच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण इथे उपकार करायला येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २० मध्ये दाखल रुग्णाच्या हक्कांत शिक्षणाची सोयही आहे. हे डोक्यात असलं की मुलांशी बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

औषधं न विचारता 'लक्ष नाही' म्हणणं

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची. कळव्याचा एक दहावीतला मुलगा होता. नव्याने आलेल्या सरांनी पुस्तक पुढे ठेवलं की तो ते लांब धरायचा, डोळे बारीक करायचा आणि मिटून ठेवायचा. सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'वाचन पाचवीच्या पातळीचे, इच्छा नाही.' ते आईच्या कानावर गेलं. 'आता याचं डोकंच गेलं का हो?' म्हणून ती माउली सिस्टरांपाशी रडली. मी त्याला फळ्यापाशी नेलं आणि त्याच धड्यातली चार वाक्यं ठळक लिहिली. पोराने घडाघडा वाचली. सिस्टरांनी केस पेपर पाहिला, तर आठवड्यापूर्वीच ट्रायहेक्सीफेनिडिल सुरू झालेलं. इतर औषधांमुळे येणारा ताठरपणा आणि थरथर कमी करायला ते देतात. त्याने तोंड कोरडं पडतं आणि जवळचं अक्षर पुसट दिसू शकतं. डॉक्टरांनी डोस बघितला, आम्ही मोठ्या अक्षरातले कागद काढले, आणि पोरगा वाचायला लागला. तो शेरा मात्र वहीत तसाच राहिला.

म्हणून वर्गात शिरण्याआधी मी सिस्टरांच्या टेबलापाशी थांबतेच. रात्री झोप लागली का? औषध बदललंय का? सकाळी काही झालं का? सकाळच्या गोळ्यांनंतर लगेच गणित घेत नाही. गुंगी उतरू देते, अकराच्या सुमारास बसते. लिथियम घेणाऱ्या मुलाला तहान फार लागते, हातही थरथरतो. त्याला पाण्याला उठू द्या आणि अक्षराचे मार्क कापू नका. काही औषधांनी पायांत अशी अस्वस्थता येते की जागेवर बसवत नाही. अशा मुलाला 'नीट बस' म्हणणं ही शिक्षा आहे. त्याला येरझाऱ्या घालत पाढे म्हणू द्या. तसं पाठांतर होतं, माझा अनुभव आहे.

घाबरून शाळेचा दाखला काढणं

ही चूक पालकांची, पण शिकवणाऱ्यांनी वेळेत अडवली पाहिजे. ऐरोलीच्या एका नववीतल्या मुलीच्या वडिलांना शाळेने गोड शब्दांत सुचवलं, 'आता नाव काढून घ्या, बरी झाली की बघू.' त्यांनी काढलं. मुलगी महिन्याभरात सुधारून घरी आली, तर 'जागा भरल्या' असं उत्तर. आजारापेक्षा त्या धक्क्याने ती जास्त खचली.

आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार शाळेला मुलाला काढता येत नाही. नववीपासून ती ढाल राहत नाही, म्हणून तिथेच सावध राहायचं. रजेचा अर्ज द्या, सोबत 'रुग्णालयात दाखल आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती हवी' असं प्रमाणपत्र. निदान लिहायची गरज नाही. आजाराची माहिती गोपनीय ठेवणं हा मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाचा हक्क आहे. सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा) आणि एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) हे खरे, चांगले रस्ते आहेत, पण शाळेचा रस्ता बंद झाल्यावरचे. दाखल झाल्याच्या आठवड्यात 'थेट दहावी करून देतो' म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना दारातूनच परत पाठवा.

बाकीच्या

शार्पनर, कंपासपेटी, स्टेपलर, तारेची स्पायरल वही, गळ्यातली ओळखपत्राची दोरी वॉर्डात नेऊ नका. पेन्सिली मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, आणि आकडा जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मुलं याला कंटाळत नाहीत, कंटाळतात ते नवे शिक्षक.

'उद्या येते' म्हणालात तर या. लोकल बंद पडली तर वॉर्डात फोन करून निरोप द्या.

'तुला काय झालंय?' हे विचारू नका. 'कुठल्या शाळेत होतास, कुठला धडा चालू होता?' हे विचारा.

फोटो नाही. पाठमोराही नाही.

सोबत आलेल्या आईला वर्गाबाहेर बसवू नका. कायद्यानेच अल्पवयीन रुग्णासोबत घरचं किंवा नेमलेलं माणूस राहायचं असतं. घरी गेल्यावर अभ्यासाला तीच बसवणार आहे, तेव्हा आपण किती हळू चालतो ते तिलाही दिसू द्या.

आणि डिस्चार्जच्या दिवशी हात हलवत पाठवू नका. मी पालकांच्या संमतीने वर्गशिक्षकांच्या नावे एक पानभर चिठ्ठी देते. कुठल्या विषयात कुठपर्यंत झालं, मोठं अक्षर लागतं का, आणि पहिले काही आठवडे अर्धाच दिवस बसवा. आजाराचं नाव त्यात नसतं.