जुन्या मोटरबोटीची पेट्रोल गळती कशी शोधावी

बोटीत पेट्रोलचा वास आला की दोन सल्ले हमखास मिळतात: टाकी बदला, नाहीतर कार्बोरेटर खोला. दोन्हींवर सध्या पैसे घालू नका. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णाकाठी अशा बोटी बहुतेक पुरापुरत्या बाहेर निघतात. २००५, २०१९, २०२१ ही सालं काठावरच्या कुणालाच नव्यानं सांगायला नकोत. उरलेलं वर्ष बोट शेडमध्ये पडून असते आणि तिथं आधी वाळतं ते रबर. त्यात आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच उसाचं असेल, पण जुन्या नळीला ते सोसत नाही. म्हणून सुरुवात रबरापासून करा. खाली लिहिलंय ते मागे लावायच्या, सुट्या टाकीच्या आउटबोर्ड इंजिनाबद्दल आहे.

बोट पाण्याबाहेर, वाऱ्यावर घ्या. बॅटरीची वायर काढा, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, बिडीवाल्यांना लांब पाठवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. तळात पेट्रोल दिसलं तर पाणी उपसायचा इलेक्ट्रिक पंप चुकूनही लावू नका. पेट्रोल फडक्यानं टिपून घ्या.

दिसणारी गळती शोधणं सोपं. नळ्या, जोड, फिल्टर कोरडे पुसा, प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि नळीतला, हातानं पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा. थेंब जिथं पडतो तिथं गळती असेलच असं नाही. पेट्रोल नळीच्या पोटाखालून वाहत जाऊन खालच्या जोडावर टपकतं. त्यामुळे ओल्या पट्ट्यांतली सगळ्यात वरची पट्टी धरा. कार्बोरेटरच्या तोंडातूनच पेट्रोल येत असेल तर आत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. ती साफ करा किंवा बदला.

खरी डोकेदुखी पुढे आहे. पट्ट्या सगळ्या कोरड्या, थेंब नाही, तरी जोर दिला की इंजिन गुदमरतं आणि बल्ब दाबला की पुन्हा उचलतं. मीही पूर्वी इथंच अडकत असे. कृष्णेवर मोटरपंप चालवणाऱ्याला हे लगेच कळेल: सक्शन पाईपला बारीक चीर असली तर पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, पण पंप एअर घेतो आणि पाणी सोडतो. बोटीच्या इंजिनाचंही तसंच. बल्ब दाबला की दाब पुढे, इंजिनाकडे जातो. बल्बच्या आत पेट्रोल मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे टाकी ते बल्ब या तुकड्यावर दाब कधी येतच नाही, तिथं फक्त ओढ असते. म्हणजे कितीही वेळ बल्ब दाबत बसलात तरी त्या बाजूची चीर ओली होणार नाही. साबणाचं पाणीही तिथं फुगे दाखवणार नाही.

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते बघा. तो बंद असेल तर बल्ब आत चेपला जातो. एअर घेत असेल तर बल्ब नुसता मऊ पडतो. हा फरक न बघता लोक इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप खोलतात, याचा मला मनस्वी राग येतो.

मग दुसऱ्या चालू बोटीची टाकी आणि नळी लावून बघा. इंजिन सुधारलं तर दोष तुमच्या टाकीत, नळीत किंवा बल्बात आहे. नाही सुधारलं तर इंजिनाच्या झाकणाखाली बघायचं. दोष नळीच्या बाजूला असेल तर पारदर्शक नळीचा छोटा तुकडा आधी बल्बच्या पुढे, मग बल्बच्या मागे जोडा आणि इंजिन पाण्यात चालवा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. सतत येत राहिले तर चीर तुकड्याच्या मागे, टाकीकडे आहे. बल्बच्या पुढे बुडबुडे दिसतात पण मागे नाहीत, तर बल्ब गेला. मागेही दिसले तर टाकीच्या कनेक्टरच्या रबरी रिंगेवर ग्रीस फासा. बुडबुडे थांबले तर रिंगच खराब आहे, ती बदला.

आणखी एक खूण. टाकी भरलेली असताना बोट छान चालते, निम्मी झाली की धापा टाकते. अशा वेळी टाकीच्या आतली ओढनळी वरच्या बाजूला चिरलेली असते. पेट्रोल चिरेखाली गेलं की ती हवा ओढायला लागते. बाहेरून कितीही शोधा, सापडणार नाही. नळी काढूनच बघावी लागते.

टू-स्ट्रोकमध्ये आतली गळतीही असते. इंजिनावरच्या त्याच पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर न येता थेट इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये जातं. प्लग ओला आणि धूर जास्त असेल तर पडदा बदला.

दुरुस्तीत काटकसर नको. पुट्टी, टेप, सायकलची ट्यूब यातलं काहीही पेट्रोलच्या नळीवर टिकत नाही. तपासणीचा पारदर्शक तुकडा काढून टाका आणि नळी पूर्ण बदला. स्वयंपाकाच्या गॅसची नळी चालत नाही, बोटीचीच हवी; बेळगावात नाही मिळाली तर चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या कुणाला तरी सांगा. क्लिप नळीत रुतेपर्यंत आवळू नका. बल्बवरचा बाण इंजिनाकडे ठेवा. उपसलेलं पेट्रोल आणि ओली फडकी नदीत टाकू नका, पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये घाला आणि फडकी उघड्यावर वाळवा.